कार्डाची राखण

मृग नक्षत्र लागले की तालुक्याच्या गावी दोन ठिकाणी गर्दी दिसू लागते. एक बी-बियाणे व खतांच्या दुकानांपुढे आणि दुसरी बँकेच्या एटीएम यंत्रापुढे. पीककर्ज मंजूर होऊन खात्यावर जमा झालेले असते, पावसाचा नेम नसतो, आणि बियाण्याच्या पिशव्या व खताची पोती घरी येऊन पडेपर्यंत शेतकऱ्याच्या जिवाला स्वस्थता नसते. अशा घाईच्या वेळी एखादा मनुष्य यंत्रापाशी निवांत उभा असतो. त्याला कसलीच घाई नसते. त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक लक्ष जावयास हवे ते नेमके त्याच्याकडे.

पुढील प्रकार बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने घडतो. वयस्कर शेतकरी कार्ड यंत्रात घालतो. पडद्यावरील अक्षरे उन्हाच्या तिरिपीत नीट दिसत नाहीत, कोणती कळ दाबावयाची हे उमगत नाही आणि मागची रांग कुरकुरू लागते. तेवढ्यात तो निवांत तरुण अदबीने पुढे होतो. "काका, कार्ड उलटे घातलेत, द्या इकडे," असे म्हणून तो कार्ड हाती घेतो, यंत्रात सरकवतो आणि "आता तुमचा नंबर दाबा" असे सांगून मान वळविल्यासारखे करतो. चार आकडे मात्र त्याने टिपलेले असतात. मग तो व्यवहार रद्द करणारी कळ दाबतो, यंत्रातील पैसे संपले असे सांगतो आणि कार्ड परत देतो. परत मिळालेले कार्ड त्याच बँकेचे व त्याच रंगाचे असते. त्यावरील नाव तेवढे दुसऱ्याचे असते. शेतकरी ते बंडीच्या खिशात घालून, त्या मुलाचे आभार मानून, दुसरे यंत्र शोधावयास निघतो. इकडे अर्ध्या तासाच्या आत त्याच्या खात्यातून त्या दिवसाची कमाल रक्कम काढली जाते. मध्यरात्र उलटली की नवा दिवस सुरू होतो आणि नव्या दिवसाची मर्यादाही नवी असते. म्हणूनच हे चोर रात्री बाराच्या आधी एकदा व नंतर एकदा असे दोनदा पैसे काढताना आढळतात.

गेलेली रक्कम शहरातील नोकरदाराच्या दृष्टीने कदाचित एका महिन्याच्या पगाराएवढी असेल. शेतकऱ्याच्या बाबतीत तो एक हंगाम असतो. बियाणे उधारीवर घ्यावे लागते, उधारी न मिळाल्यास खासगी सावकाराचा उंबरठा चढावा लागतो, आणि जे कर्ज त्याच्या हाती आलेच नाही त्याचा बोजा सातबाऱ्यावर कायम राहतो. मुदतीत फेड झाली नाही तर व्याजातील सवलतही जाते. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली ती सावकाराकडील वाट बंद व्हावी म्हणून. चोराने ते कार्ड पळविल्यावर शेतकरी पुन्हा त्याच वाटेला लागावा, ही गोष्ट हळहळ वाटण्यासारखी आहे.

अशी घटना घडली की चावडीवर दोन प्रकारची बोलणी ऐकावयास मिळतात. एक, म्हातारा अडाणी होता म्हणून फसला. दुसरे, पिन कोणास सांगू नये हे बँकेने हजारदा सांगितले आहे, मग त्याने तो दाखविलाच कसा. ही दोन्ही बोलणी अर्धवट होत. शिकलेले लोक रोज फसतात; निवृत्त शिक्षक फसतात, अधिकारी फसतात. आणि पिन कोणास सांगू नये हा उपदेश योग्य असला तरी, ज्याला यंत्र चालविता येत नाही त्याने पिन न दाखविता पैसे काढावेत कसे, याचे उत्तर त्या उपदेशात नाही. पोहता न येणाऱ्यास पाण्यापासून जपून राहा असे सांगावे आणि त्याचे शेत मात्र नदीपलीकडे असावे, त्यातलाच हा प्रकार होय.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा धडा नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे व पुढे दख्खनच्या इतर गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या कागदांवर पुष्कळदा असे अंगठे होते, की ते देणाऱ्याला कागदात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गावातील निबंधकासमोर लिहिला जावा अशी तजवीज केली. पुढे सहकारी सोसायट्या आल्या आणि कोऱ्या कागदावर अंगठा द्यावयाचा नाही ही गोष्ट घरोघरी रुजली. आज निरक्षर आजीबाईसुद्धा कागद नातवाकडून वाचून घेतल्याखेरीज अंगठा उमटवीत नाहीत. पिन हाही अंगठाच आहे. परक्याच्या देखत दाबलेला पिन हा कोऱ्या कागदावर दिलेला अंगठा होय. एवढी एक गोष्ट घरोघरी पोहोचली, तर पुष्कळसे काम होईल.

तथापि नुसत्या समजुतीने भागत नाही. हाताला सवय व्हावी लागते. ज्या वृद्धास यंत्र वापरता येत नाही त्याने मदतनीस घरून सोबत न्यावा, यंत्रापाशी भेटेल तो घेऊ नये. मुलगा, सून, नातू यांपैकी कोणी नसल्यास शाखा उघडी असताना आत जाऊन पैसे काढण्याची पावती भरावी. वेळ लागेल, परंतु पैसे खिडकीवरच मोजून मिळतील. यंत्राच्या खोलीत शिरताना एकट्याने शिरावे आणि दुसरा कोणी आत आल्यास त्यास बाहेर थांबावयास सांगावे. त्यात उद्धटपणा नाही. आकडे दाबताना दुसऱ्या हाताचा तळवा वर धरावा. यंत्रातून बाहेर आलेले कार्ड खिशात घालण्यापूर्वी त्यावरील नाव पाहावे. वाचता येत नसेल तर कार्डाच्या कोपऱ्यावर स्वतःची अशी एक खूण आधीच करून ठेवावी. जनावरांच्या बाजारात स्वतःचा बैल शिंगावरून ओळखणाऱ्याला ही युक्ती सांगावयास नकोच. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवण्याची रीत तर आजच बंद करावी. ते कुलपालाच किल्ली बांधून ठेवण्यासारखे आहे.

दुसरा प्रकार दूरध्वनीवरचा आहे. बोलणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवितो. कार्ड आज बंद होणार आहे, केवायसी राहिली आहे, किंवा शेतकरी सन्मान निधीचा हप्ता अडकला आहे, असे तो सांगतो. कार्डावरील सोळा आकडे, मुदतीचा महिना, मागील बाजूचे तीन आकडे आणि मोबाईलवर आलेला ओटीपी एवढे मिळाले की त्याला कार्ड हाती असण्याचीही गरज राहत नाही. अलीकडे हप्त्याच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एखादे अ‍ॅप धाडले जाते. ते उघडले की मोबाईलवर येणारे संदेश परस्पर चोराकडे जाऊ लागतात आणि ओटीपी विचारण्याचेही कारण उरत नाही. सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता सरकारकडून थेट खात्यात जमा होतो. त्यासाठी कार्डाचा क्रमांक कोणी मागत नाही, आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना.

या प्रकाराला एक बांध घालता येतो, पण त्याची माहिती फार थोड्यांना आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या आदेशानुसार नवे कार्ड देताना ते देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांपुरतेच चालू ठेवावयाचे असते. ऑनलाइन खरेदी, परदेशातील वापर व नुसते टेकवून पैसे देण्याची सोय खातेदाराने स्वतः मागितल्यासच सुरू होते. ही दारे उघडण्याचा व बंद करण्याचा, तसेच रोजची मर्यादा कमी करण्याचा अधिकारही खातेदाराला आहे. ज्या शेतकऱ्याला कार्डावर ऑनलाइन काही घ्यावयाचे नाही, त्याने ही दारे बंद आहेत ना, हे शाखेत एकदा विचारून घ्यावे. रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवली तर चोरी झालीच तरी सगळे खाते एका रात्रीत रिकामे होत नाही.

शेतकऱ्याची काहीच चूक नसताना पैसे जातात, असेही घडते. जुन्या कार्डांवरील काळ्या पट्टीची नक्कल काढणे सोपे होते. म्हणून २०१८ अखेरपर्यंत ती कार्डे बदलून चिप असलेली कार्डे द्यावीत असे बँकांना सांगण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. त्यातील मोठा भाग बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएममधून काढला गेला. तेथे कोणा खातेदाराने पिन सांगितला नव्हता. तेव्हा पैसे गेले म्हणजे खातेदारच चुकला, असे धरून चालणे अन्यायाचे आहे.

नुकसान कोणी सोसावयाचे याची विभागणी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिली. दोष बँकेचा असेल तर खातेदारावर काहीच भार नाही. दोष बँकेचाही नाही व खातेदाराचाही नाही, अशा वेळी संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केल्यास पूर्ण रक्कम परत मिळावयाची. चार ते सात दिवस लावल्यास मूलभूत बचत खात्यावर ५,००० व इतर बचत खात्यांवर १०,००० रुपयांपर्यंतचा भार खातेदारावर पडावयाचा. खातेदाराचा निष्काळजीपणा ठरला तर तक्रार नोंदविण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे; त्यानंतर गेलेला पैसा बँकेचा. आणि निष्काळजीपणा झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. असे नियम व त्यांतील रकमा वेळोवेळी बदलतात. चालू नियम काय आहे ते शाखेत विचारावे. परंतु या विभागणीचे मर्म ज्याच्या लक्षात आले त्याला एक गोष्ट उघड दिसेल. कार्डाची अदलाबदल झालेला शेतकरी निष्काळजी ठरविला जाण्याचा संभव मोठा असतो. म्हणून त्याच्या दृष्टीने तक्रारीची वेळ हीच सर्वांत मोलाची.

आणि नेमकी तीच वेळ गमावली जाते. पैसे गेल्याचा संदेश बहुधा पुण्या-मुंबईस असलेल्या मुलाच्या मोबाईलवर किंवा कधीच बंद झालेल्या क्रमांकावर जातो. कळल्यावरही घरधनी दोन दिवस बोलत नाही. कारभारणी काय म्हणेल, सोसायटीतले लोक हसतील, या विचाराने तो मनातल्या मनात कुढत राहतो. घरातील माणसेही रागाच्या भरात बोलून जातात, आणि मग पुढच्या वेळी कोणी काही सांगत नाही. चोराचा निम्मा धंदा या लाजेवर चालतो. गेलेला पैसा काही तासांत या खात्यातून त्या खात्यात फिरविला जातो. तो मधेच अडविता आला तरच परत मिळण्याची आशा. त्यासाठी १९३० हा क्रमांक देशभर ठेवलेला आहे. तेथे खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ व रक्कम सांगितली की ती ज्या खात्याकडे गेली तेथे ती रोखण्याची खटपट सुरू होते. मात्र चोराने यंत्रातून रोख नोटा काढल्या असतील तर त्या अशा रीतीने अडविता येत नाहीत. तेथे उपयोग आहे तो पुढची रक्कम वाचविण्याचा, म्हणजे कार्ड ताबडतोब बंद करण्याचा. म्हणून पहिला दूरध्वनी बँकेस करावा व दुसरा १९३० वर.

बँकेचा हा क्रमांक कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. परंतु कार्डच गेले तर तो कोठून मिळणार? यास्तव पासबुकाच्या पुठ्ठ्यावर व घरातील दिनदर्शिकेवर तो आधीच ठळक लिहून ठेवावा. चोराने हाती दिलेले परके कार्ड रागाने मोडून फेकू नये. ते बहुधा आदल्या कोणा फसलेल्या माणसाचे असते व तपासास उपयोगी पडते. तक्रार तोंडी न ठेवता लेखी द्यावी आणि तिच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. एक महिन्यात समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तेथे हा शिक्काच कामी येतो.

या बाबतीत बँकांकडेही बोट दाखविणे भाग आहे. सूचनांचे फलक इंग्रजीत, यंत्रापाशी रखवालदार नाही, दिवा फुटलेला, आणि शाखेत विचारावयास गेलेल्या म्हाताऱ्यास "मशीनवर जा" एवढेच उत्तर, असे चित्र ज्या गावी आहे तेथे चोराला वेगळ्या आमंत्रणाची गरज नाही. बियाण्याला बीजप्रक्रिया करा असे नुसते सांगून कोणी केली नाही. बांधावर घमेले ठेवून, बियाण्यास औषध चोळून दाखविले तेव्हा ती गावोगाव पसरली. कार्डाचेही तसेच प्रात्यक्षिक व्हावयास हवे. हंगामपूर्व सभेत विस्तार कर्मचाऱ्याबरोबर बँकेचा एक माणूस बोलवावा, मुदत संपलेली चार कार्डे ठेवावीत, वृद्धांच्या हातून आकडे दाबवून घ्यावेत, आणि एकाने कार्ड बदलून दाखवावे. डोळ्यांदेखत झालेली ती अदलाबदल शंभर फलकांपेक्षा अधिक लक्षात राहील. स्त्रियांना या सभेत आवर्जून बसवावे. पुष्कळ घरांत बचत गटाचे खाते त्यांच्याच नावे असते.

त्याच सभेत प्रत्येकाने आपल्या खात्याला कोणता मोबाईल क्रमांक जोडलेला आहे हे तपासून घ्यावे. तो घरात रोज वापरात असलेल्या मोबाईलचा नसेल तर बदलून घ्यावा. हे काम रोहिणी नक्षत्रातच उरकलेले बरे. मृगात शाखेत उभे राहावयासही जागा नसते.