चिखलदऱ्याची कॉफी आणि रानातली सावली

अहमदपुरात राहून कॉफीविषयी लिहावे हे कित्येकांस विचित्र वाटेल. आपला तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेतला. येथे तूर, हरभरा व सोयाबीन पिकते, आणि सकाळी घरोघर आधण ठेवले जाते ते चहाचे. कॉफी म्हणजे पाहुण्यास अथवा परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या मुलास मिळावयाचे पेय. तथापि हल्ली मोठ्या शहरांत कॉफीच्या काही पुड्या नेहमीच्या दराहून दुप्पट-तिप्पट किमतीस विकल्या जातात. त्यांवर वाघाचे वा पाखराचे चित्र असते, आणि ही कॉफी रानास व शेतकऱ्यास तारणारी आहे असे खाली छापलेले असते. हा जास्तीचा पैसा खरोखर रानापर्यंत व शेतकऱ्यापर्यंत जातो, की केवळ चित्राची किंमत म्हणून वाटेतच जिरतो, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी, म्हणजे बहुतांशी शेतकऱ्यांनीच, विचारण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात कॉफीचे नाव निघाले की बोट चिखलदऱ्याकडे जाते. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर, अकराशे मीटरांहून उंच असलेल्या या थंड हवेच्या ठिकाणी इंग्रजी अमदानीत कॉफीची लागवड झाली. जुन्या गॅझेटियरांतही तिचा उल्लेख आढळतो. भोवतालचा मेळघाट हा १९७३ साली व्याघ्रप्रकल्पासाठी निवडलेल्या देशातील पहिल्या नऊ अरण्यांपैकी एक होय. तेथे वाघ, गवे व अस्वले आहेत हे सर्वश्रुत आहे. परंतु शंभरांहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस न पडल्यामुळे जो नाहीसा झाला असे मानीत, आणि जो १९९७ साली शहाद्याच्या बाजूस पुन्हा सापडला, तो रानपिंगळा नावाचा लहानसा घुबडही या अरण्यात नांदतो. याच रानातले कोरकू लोक मात्र उरलेल्या महाराष्ट्रास ठाऊक आहेत ते बालकांच्या कुपोषणाच्या बातम्यांवरून. रान नामांकित आणि रानातली माणसे उपाशी, ही गोष्ट आम्हांस नेहमीच लज्जास्पद वाटत आली आहे.

आता कॉफीचा आणि रानाचा संबंध काय तो पाहू. कॉफीचे झुडूप मूळचे इथिओपियाच्या अरण्यातले, उंच वृक्षांच्या छायेत वाढणारे. ब्राझीलसारख्या देशांत ते उघड्या उन्हात, मैलोगणती एकट्याचेच लावतात; उत्पन्न पुष्कळ येते, पण खते व औषधेही तितकीच लागतात आणि पाखरास बसावयास फांदी उरत नाही. आपल्या देशात, सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी अरबस्तानातून सात बिया आणिल्या अशी परंपरा सांगितली जाते तेथपासून, चिकमगळूर व कोडगूकडे ही लागवड बहुतेक सावलीतच चालत आली. यात केवळ रूढी नाही. खोड पोखरणारा पांढरा भुंगा अरेबिका जातीच्या झाडांचा मोठा शत्रू; उन्हातल्या झाडास त्याची बाधा अधिक होते, सावलीत कमी. कोस्टा रिका देशात काही बागांत झुडपांवर जाळ्या टाकून पाखरांस दूर ठेविले, तेव्हा फळ पोखरणाऱ्या किडीचा उपद्रव सुमारे दुप्पट झाला असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे पाखरू हे बागेतले बिनपगारी राखणदारच म्हणावयाचे.

इतके असूनही कोडगूत सावलीचा वृक्ष बदलत चालला आहे. फणस, नांदरूक, बेहडा अशा देशी झाडांऐवजी ऑस्ट्रेलियाहून आलेला सिल्व्हर ओक सर्वत्र दिसतो. तो सरळ व झपाट्याने वाढतो, त्यावर मिरीचा वेल चढविता येतो. आणि मुख्य कारण असे की तो तोडून विकावयास फारशी आडकाठी नाही, तर देशी वृक्ष स्वतःच्या जमिनीत असला तरी त्याच्या लाकडावर मालकाचा हक्क पुष्कळ ठिकाणी अपुरा किंवा परवानगीच्या फेऱ्यात अडकलेला असतो. कायदा वृक्ष वाचविण्याकरिताच केला होता हे कबूल. परंतु ज्या झाडापासून शेतकऱ्यास काही मिळावयाचे नाही ते झाड तो आपण होऊन का लावील? त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही लाविले नसते.

हा विषय वर्गात निघाला असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाखरांनी राखण केली, तर त्यांच्या नावाचे पैसे कोण घेतो?" साऱ्या वादाचे मर्म या प्रश्नात आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने पक्षिमित्र कॉफीची एक कसोटी ठरविली आहे: बागेवर निदान शेकडा चाळीस सावली हवी, वृक्षांच्या दहा तरी जाती हव्यात, रासायनिक खते-औषधे नकोत. कसोटी उत्तम आहे; पण तपासणीचा खर्च व कागदपत्रांचा व्याप दोन एकरांच्या शेतकऱ्याने एकट्याने कसा उचलावा? मग मोठ्या मळ्यास शिक्का मिळतो, आणि ज्याने पिढ्यान् पिढ्या झाडे राखिली त्याचे बी साध्या भावाने अडत्याकडे जाते.

यावर तोड निघाली ती जेथे लहान शेतकरी एकत्र आले तेथे. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी कुटुंबे आपापल्या लहान तुकड्यांत कॉफी करितात. पिकलेली लाल फळेच तेवढी निवडून तोडणे, त्यांवर वेळच्या वेळी प्रक्रिया करणे, ही शिस्त त्यांनी बसविली, आणि त्यांची कॉफी पॅरिसमध्ये जाऊन विकली गेली. २०१९ साली अराकूच्या अरेबिकास भौगोलिक मानांकनही मिळाले. चांगल्या कॉफीची किंमत या मेहनतीत असते. पाच-सहा किलो फळे तोडावी तेव्हा जेमतेम एक किलो वाळलेले बी हाती येते, आणि फळे एकदम पिकत नसल्याने एकाच झुडपाकडे पुनःपुन्हा जावे लागते. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरातील सोलिगा लोकांचे उदाहरण तर मेळघाटास अधिक जवळचे. तो डोंगर व्याघ्रप्रकल्पात आहे, तेथे सोलिगा रानाच्या सावलीत कॉफी करितात, आणि २०११ साली त्यांस सामूहिक वनहक्क मिळाले.

चिखलदऱ्यास असेच व्हावे असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र उभ्या अरण्यातली झुडपे साफ करून तेथे कॉफी लावणे यास आम्ही रान राखणे म्हणणार नाही. कोरकूंच्या वहिवाटीच्या जमिनीत, जेथे हवापाणी अनुकूल आहे तेथे, मोहाच्या व आंब्याच्या छायेत ती लावावी. विक्री त्यांच्याच संघाने करावी. आणि पुडीवर वाघाचे चित्र छापावयाचे तर त्या चित्राचा लाभ वाघाच्या शेजाऱ्यास व्हावा. गव्याने पीक तुडविले तर नुकसान त्याचेच होते, शहरातल्या गिऱ्हाइकाचे नव्हे.

आमच्या पालकांस भावाचे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४८९२ रुपये ठरला असता आपल्या बाजारांत माल त्याहून कमी दराने गेला. कॉफीचा भाव न्यूयॉर्क व लंडन येथे ठरतो, आणि २००१ च्या सुमारास तो इतका कोसळला की तोडणीची मजुरीही सुटेना. झाडांचेही तसेच. ट्रॅक्टर वळावयास अडचण होते म्हणून आपल्या बांधांवरची किती बाभळी-लिंबाची झाडे गेली हे ज्याने त्याने आठवून पाहावे. आता हरभऱ्यातील घाटे अळी पाखरांनी टिपावी म्हणून शेतात काठ्यांचे पक्षिथांबे उभारा असे कृषिखाते सांगते. झाड तोडून काठी रोवावयाची, असा हा व्यवहार!

तूर्त विद्यार्थ्यांनी इतके करावे. घरी कॉफीची पुडी असल्यास तीवरील बारीक अक्षरे वाचावी. कित्येक पुड्यांत चिकोरीच्या मुळांची पूड शेकडा किती मिसळली आहे ते तेथेच छापलेले असते. सुटीत कोणी चिखलदऱ्यास गेले तर तेथील कॉफीची एक पुडी घ्यावी, आणि विकणाऱ्यास विचारावे की हे बी कोणाच्या शेतातले, त्यावर कोणत्या झाडाची सावली होती, आणि तोडणाऱ्या बाईस दिवसाची मजुरी काय पडली. जी उत्तरे मिळतील ती पुढील वार्षिक अंकासाठी आमच्याकडे लिहून द्यावी.