जॉबकार्डावरचा रिकामा रकाना

दुरुस्तीसाठी किंवा नव्या जोडणीसाठी संगणक दुकानात येतो तेव्हा भरल्या जाणाऱ्या जॉबकार्डावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि एसएमपीएस यांची नोंद बहुतेक ठिकाणी नेमाने होते. परंतु त्या यंत्राच्या मदरबोर्डावर बायोसची कोणती आवृत्ती आहे, तिच्यात कोणता मायक्रोकोड आहे आणि ती शेवटची केव्हा बदलली गेली, यासाठी रकाना क्वचितच असतो, आणि असला तरी तो रिकामाच राहतो. ‘चालते आहे तोवर बायोसला हात लावू नये’ हा नियम तंत्रज्ञांच्या दोन पिढ्यांनी पाळला आणि तो अनुभवातून आलेला होता, कारण फ्लॅश करताना वीज गेली की बोर्ड कायमचा निकामी होत असे आणि भारनियमनाच्या गावांत ही भीती रोजची होती. आज मात्र त्या नियमाची किंमत ग्राहकाला प्रोसेसर गमावून मोजावी लागू शकते, आणि हे या व्यवसायातील प्रत्येकाने गांभीर्याने लक्षात घेण्याची वेळ आली आहे.

ज्याला व्यवसायात सरसकट बायोस म्हटले जाते ते आता बहुतांशी यूईएफआय असते, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्व भागांना जागे करून मग विंडोज किंवा लिनक्सच्या हाती सोपवणारे मूलभूत सॉफ्टवेअर. बोर्डावरच्या आठ पायांच्या एका लहानशा फ्लॅश चिपमध्ये, साधारणपणे १६ किंवा ३२ मेगाबाइट जागेत, ते बसवलेले असते. बोर्ड उत्पादकाच्या नावाने मिळणारी ही एकच फाइल प्रत्यक्षात अनेकांच्या हातची असते, कारण तिचा सांगाडा बहुधा एएमआयसारख्या फर्मवेअर कंपनीचा असतो, प्रोसेसर आणि मेमरी यांना सुरू करणारा भाग प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीकडून येतो (एएमडीच्या बाबतीत त्याला अजेसा म्हणतात), इंटेलच्या बोर्डांवर मॅनेजमेंट इंजिनचे स्वतंत्र फर्मवेअर असते, आणि या सर्वांसोबत मायक्रोकोडही असतो. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत वागणुकीला वळण देणाऱ्या सूचनांचा संच. तो दर वेळी यंत्र चालू होताना प्रोसेसरमध्ये नव्याने भरला जातो. सिलिकॉन एकदा घडले की बदलता येत नाही, परंतु त्यातील काही चुका मायक्रोकोडने झाकता येतात, आणि म्हणूनच फर्मवेअरची आवृत्ती ही हार्डवेअरच्या मॉडेल क्रमांकाइतकीच महत्त्वाची ठरते.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण या दृष्टीने सविस्तर पाहण्यासारखे आहे. १३वी पिढी २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आणि १४वी त्यानंतर वर्षभराने बाजारात आली. काही महिन्यांच्या वापरानंतर, विशेषतः वरच्या श्रेणीच्या यंत्रांवर, गेम सुरू होताना बंद पडू लागले, मोठ्या संकुचित फाइली उघडताना चुका दिसू लागल्या, आणि कित्येकदा पडद्यावर ग्राफिक्स मेमरी कमी पडल्याचा संदेश येऊ लागला. हा संदेश दिशाभूल करणारा होता, कारण दोष ग्राफिक्स कार्डात नव्हताच; तरीही त्यावर विसंबून कार्ड बदलणे, मग रॅम बदलणे, मग एसएमपीएस बदलणे आणि शेवटी विंडोज पुन्हा टाकणे हा क्रम ओघानेच आला. सुरुवातीला संशय बोर्ड उत्पादकांनी ठरवलेल्या सेटिंगवर गेला, आणि तो अंशतः खराही होता: कोअर आय-९ साठी इंटेलने २५३ वॅटची मर्यादा सांगितलेली असताना अनेक बोर्डांवर मूळ सेटिंगमध्येच ती मर्यादा ४०९६ वॅट, म्हणजे व्यवहारात काहीच नाही, अशी ठेवलेली होती.

पण मूळ दुखणे त्याहून खोल होते. २०२४च्या जुलैमध्ये इंटेलने मान्य केले की मायक्रोकोडमधील चुकीच्या गणितामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि सप्टेंबरमध्ये पूर्ण कारण मांडले: कोअरमधील घड्याळाचे ठोके पोहोचवणारा परिपथ चढ्या व्होल्टेजखाली व उष्णतेखाली वेळेआधीच जीर्ण होत होता, आणि त्यामुळे प्रोसेसरला स्थिर चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज हळूहळू वर सरकत होते. उपायही एका फटक्यात आला नाही. जूनमध्ये ०एक्स१२५, ऑगस्टमध्ये व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाऊ न देणारा ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये यंत्र निवांत असतानाचीही चढी मागणी आवरणारा ०एक्स१२बी, आणि २०२५च्या मे महिन्यात दिवसचे दिवस हलक्या कामावर चालू राहणाऱ्या यंत्रांसाठी ०एक्स१२एफ, असे मायक्रोकोड एकामागून एक आले आणि ते सारे बायोसच्या नव्या आवृत्त्यांमधून वाटले गेले. इंटेलने पेटीबंद विकल्या गेलेल्या संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली.

यातला तंत्रज्ञासाठीचा निर्णायक मुद्दा असा की नवा मायक्रोकोड पुढील झीज रोखतो, झालेली झीज भरून काढत नाही. ज्या ग्राहकाच्या यंत्रावर नवी बायोस २०२४च्या ऑगस्टमध्ये चढली त्याचा प्रोसेसर बहुधा वाचला. ज्याचे यंत्र ‘नीट चालते आहे’ म्हणून तसेच ठेवले गेले त्याचे नुकसान आतल्या आत वाढत राहिले, आणि लक्षणे दिसली तेव्हा बदली करून घेण्याखेरीज मार्ग उरला नाही. बदलून आलेला प्रोसेसर जुन्याच बायोसवर बसवला गेला तर तोही त्याच वाटेने जाणार, हे वेगळे सांगायला नको. तरीही नवा प्रोसेसर बसवण्याआधी बायोस अद्ययावत करण्याची पायरी गाळली जाते, आणि ती गाळली गेल्याचा पत्ताही नंतर लागत नाही, कारण जॉबकार्डावर त्याची नोंद नसते.

असाच धडा एएमडीच्या एएम५ मंचावर २०२३च्या एप्रिलमध्ये मिळाला होता, जेव्हा रायझन ७००० मालिकेतील एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसह जळाल्याची उदाहरणे पुढे आली आणि एएमडीने नव्या अजेसाद्वारे एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. रॅम जलद चालावी म्हणून एक्सपो प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड ते व्होल्टेज परस्पर वाढवत होते. ग्राहकाने फक्त रॅमचा वेग मागितला होता, आणि तंत्रज्ञाने फक्त एक पर्याय चालू केला होता.

याचा अर्थ उत्पादकाने दिलेली प्रत्येक आवृत्ती दिसताच चढवावी असा मात्र नाही, आणि तसा आग्रह धरणे जुन्या नियमाइतकेच आंधळे ठरेल. एएम४चा इतिहास याची आठवण करून देतो. २०१६-१७ पासून अनेक पिढ्यांचे प्रोसेसर एकाच सॉकेटवर चालवण्याचा हा उपक्रम ग्राहकांच्या फायद्याचा होता, परंतु बऱ्याच बोर्डांवरील १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये साऱ्या पिढ्यांची माहिती मावेना, त्यामुळे काही नव्या आवृत्त्यांमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला गेला. म्हणजे जुन्या प्रोसेसरवर चालणाऱ्या यंत्राला नवी बायोस घातली की पडद्यावर काहीच उमटत नसे. उलट बाजूने, नवा प्रोसेसर जुन्या बायोसच्या बोर्डावर सुरूच होत नाही, आणि बायोस बदलायला तर चालू प्रोसेसर हवा, ही कोंडी २०१८ मध्ये इतकी वाढली की एएमडीला ग्राहकांना तात्पुरता जुना प्रोसेसर उसना पाठवण्याची सोय करावी लागली. प्रोसेसर व रॅम नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस चढवणारे फ्लॅशबॅक बटण आता अनेक बोर्डांवर मिळते, आणि ग्राहकाला बोर्ड सुचवताना त्यावरील दिव्यांच्या रोषणाईपेक्षा या एका बटणाला जास्त वजन दिले गेले पाहिजे. जिथे ते नाही तिथे क्लिप आणि प्रोग्रामर आहेच. मात्र काही बोर्डांवरील फ्लॅश चिप १.८ व्होल्टची असते, तिच्यावर ३.३ व्होल्टचा स्वस्त प्रोग्रामर अडॅप्टरशिवाय लावला तर वाचवायला घेतलेली चिपच जाते.

म्हणून आवृत्तीसोबतची बदलांची टीप वाचणे हे कौशल्याचे काम मानावे लागते. दुर्दैवाने बहुतेक टिपा ‘यंत्राची स्थिरता सुधारली’ एवढ्यावर संपतात. कोणता मायक्रोकोड, कोणता अजेसा, कोणता सुरक्षादोष मिटवला आणि मागे परतता येईल की नाही, या चार गोष्टी उत्पादकाने लिहिल्याच पाहिजेत, कारण काही आवृत्त्या एकदा चढल्या की जुनी आवृत्ती स्वीकारली जात नाही आणि ते तंत्रज्ञाला आधी कळणे हा त्याचा हक्क आहे. चाचणीसाठी दिलेली, म्हणजे बीटा म्हणून खूण केलेली आवृत्ती ग्राहकाच्या कामाच्या यंत्रावर फक्त दोन कारणांसाठी चढवावी: हार्डवेअरला इजा करणारा दोष मिटत असेल तर, किंवा नवा प्रोसेसर त्याशिवाय चालतच नसेल तर.

बायोस बदलताना हार्डवेअर वाचते आणि माहिती जाते, असा एक नवा धोका अलीकडे उभा राहिला आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की अनेक यंत्रांवर, असेंबल केलेल्या डेस्कटॉपवरही, डिस्कचे सांकेतिकीकरण आपोआप चालू होते आणि ग्राहकाला त्याची कल्पनाही नसते. या सांकेतिकीकरणाची किल्ली टीपीएममध्ये, म्हणजे गुपिते जपणाऱ्या सुरक्षा भागात, ठेवलेली असते; बायोस बदलली की यंत्राची ओळख बदललेली दिसते आणि विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते. एएमडीच्या यंत्रांवर टीपीएम प्रोसेसरशी बांधलेले असल्यामुळे प्रोसेसर बदलतानाही हेच घडते, आणि त्या वेळी पडद्यावर येणाऱ्या प्रश्नाला न वाचता होकार देणे म्हणजे जुनी किल्ली पुसून टाकणे होय. लघुउद्योगांचे हिशेब, छायाचित्रकारांच्या लग्नाच्या फाइली, विद्यार्थ्यांचे प्रबंध अशा डिस्कांवर असतात. फ्लॅश करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे हे सांकेतिकीकरण, स्थगित करणे आणि किल्ली ग्राहकाच्या खात्यात खरोखर आहे याची त्याच्यासमोर खात्री करून घेणे याला पाच मिनिटे लागतात, आणि यूपीएसची बॅटरी भार घेते की नाही हेही त्याच वेळी पाहता येते.

सिक्युअर बूटचा प्रश्न याला जोडूनच येतो. यंत्र सुरू होताना फक्त विश्वासार्ह सही असलेलाच कोड चालू द्यायचा, ही ती व्यवस्था. आणि तिच्या मुळाशी असलेली मायक्रोसॉफ्टची २०११ची प्रमाणपत्रे २०२६च्या जूनपासून मुदतबाह्य ठरतात, विंडोजच्या बूट मॅनेजरवर सही करणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपते, आणि त्यांची जागा २०२३ची प्रमाणपत्रे घेतात. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही, मात्र सुरू होण्याच्या टप्प्यावरील पुढील सुरक्षा-सुधारणा त्याला मिळत नाहीत. नामांकित कंपन्यांच्या तयार यंत्रांवर हा बदल बराचसा परस्पर होतो. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर तो बोर्ड उत्पादकाने नवी बायोस दिली आणि कोणीतरी ती चढवली यावर बराच अवलंबून राहतो. नव्या प्रमाणपत्राने सही केलेला बूट मॅनेजर यंत्रावर आलेला असताना जुन्या बायोसमध्ये जाऊन किल्ल्या मूळ स्थितीत आणल्या, तर नवे प्रमाणपत्र पुसले जाऊन विंडोज सुरूच होणार नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. अडचण आली की मूळ सेटिंगवर जाण्याची तंत्रज्ञाची सवय इथे घातक ठरते.

ड्रायव्हरबद्दल तुलनेने कमी सांगण्यासारखे आहे. चिपसेटचा ड्रायव्हर हा पूर्वी उपकरणांना नाव देण्यापुरता मानला जाई, परंतु रायझन ९ ७९५०एक्स३डीसारख्या प्रोसेसरमध्ये जादा कॅशे दोनपैकी एकाच भागावर असते आणि गेम त्या भागाकडे वळवण्याचे काम चिपसेट ड्रायव्हरच करतो, म्हणजे तो नसेल तर ग्राहकाने मोजलेल्या पैशांचा मोबदला मिळत नाही. इंटेलच्या बोर्डावर व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळणारी इंटेलची व्यवस्था, चालू असेल तर विंडोज टाकताना डिस्क दिसतच नाही, आणि नव्या बोर्डाच्या लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसेल तर मांडणी इंटरनेटपाशी अडते. दोन्हींचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच असावेत, आणि ते उत्पादकाकडून घेतलेले असावेत, कुठल्यातरी सर्वसमावेशक ड्रायव्हर पॅकमधून काढलेले नसावेत.

पुढील प्रोसेसर मंचांची माहिती ठेवणे हा विक्रीचा नव्हे तर सल्ल्याचा विषय आहे. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीपुरता चालला, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसोबत एलजीए १८५१ आला, आणि त्याआधी २०१७ मध्ये तर ११५१ हा आकडा कायम ठेवूनही ८व्या पिढीसाठी नवे बोर्ड घ्यावे लागले होते. कोअर अल्ट्रा २०० मालिकेला अपेक्षित वेग मिळावा म्हणून इंटेलने नंतर जी सुधारणा दिली तिच्यात ०एक्स११४ या मायक्रोकोडसोबत मॅनेजमेंट इंजिनचे ठरावीक फर्मवेअरही लागत होते. एएमडीने एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे जाहीर केले आहे. याचा सरळ परिणाम असा की २०२३ मध्ये विकलेले एएम५ यंत्र काही वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्यासाठी त्याच दुकानात परत येईल, आणि त्या वेळी बोर्डावर कोणती बायोस आहे, मधल्या कोणत्या आवृत्तीवरून जावे लागेल, फ्लॅशबॅक बटण आहे का, सांकेतिकीकरण चालू आहे का, हे ठाऊक असलेला तंत्रज्ञ काम तासाभरात संपवेल.

यासाठी जॉबकार्डावर एक ओळ पुरेशी आहे: बोर्डाचे मॉडेल व आवर्तन, आलेली आणि गेलेली बायोस आवृत्ती, मायक्रोकोड किंवा अजेसा, सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांचे वर्ष, बिटलॉकरची स्थिती, तारीख. मायक्रोकोडचा क्रमांक एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत साधनात दिसतो. १३व्या किंवा १४व्या पिढीची जी यंत्रे ग्राहकांकडे आधीच गेली आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र ती पुन्हा दुकानात येण्याची वाट न पाहता ग्राहकाला फोन करून बोलावून घ्यावे, कारण २०२२च्या शेवटी विकलेल्या प्रोसेसरची वाढीव वॉरंटीही २०२७च्या शेवटी संपते.