सोनं कसाऱ्याच्या पलीकडे आहे

सप्टेंबरअखेरीस नववीतल्या एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. तिनं मोबाईलवर एक रील दाखवली. परदेशातले डोंगर, पाठीवर सॅक घेतलेल्या मुली आणि सोनेरी झालेली लार्चची झाडं. लार्च सूचिपर्णी असूनही शरदात पिवळा होतो, पानं गाळतो. "टीचर, अपने यहाँ ऐसा कुछ नहीं ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आहे. घाटकोपरहून पहाटेची कसारा लोकल धरायची, पुढे जीपनं भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीला जायचं. पावसाळा सरताना रतनगडाच्या उतारांवर सोनकी फुलते. झाड नव्हे, साधं गवताएवढं रोप. पण अख्खा डोंगर पिवळा करून टाकतं. हिच्या शास्त्रीय नावातही मुंबई आहे : सेनेसिओ बॉम्बेएन्सिस.

मुलीचे डोळे चमकले. तिची अम्मी मात्र म्हणाली, "लड़कियाँ पहाड़ पे जा के क्या करेंगी?"

हा प्रश्न मी अनेक घरांत ऐकला आहे. त्यामागची भीती खोटी नाही. वाट निसरडी असते, शौचालयाची अडचण असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा असतात. पण याच अम्मी मुलींना घेऊन हाजी मलंगचा डोंगर चढतात. तिथे पाय दुखत नाहीत, लोक काय म्हणतील हेही आठवत नाही. म्हणजे अडचण चढाची नाही. नुसतं पाहण्यासाठी, आनंदासाठी मुलीनं घराबाहेर पडावं, हे आपल्याला अजून पटत नाही.

डॉ. सालिम अलींचं नाव आपण अभिमानानं घेतो. 1896 साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा स्वतः मारलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढे जन्मभर रानावनात फिरला. त्याला बाहेर जाऊ दिलं गेलं, म्हणून तो सालिम अली झाला.

बीएडच्या वर्षी आम्ही चार मैत्रिणी रतनगडाला गेलो होतो, दोघींच्या डोक्यावर स्कार्फ. रतनवाडीतल्या एका आजींनी विचारलं, "कुठल्या गं पोरी तुम्ही?" आम्ही म्हटलं, "घाटकोपरच्या." त्यांनी चहा दिला आणि वाटेवरची घसरडी जागा समजावून सांगितली. मराठीच्या तासाला कातळ, नेढं, सोंड हे शब्द मी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी ते पायाखाली आले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भीती असेल तर तयारी करू या. शिक्षिका सोबत असू द्यात, गावातला वाटाड्या घेऊ या, शिड्या ओल्या असतील तर खालच्या उतारावरूनच परतू या. आणि अम्मींनाही बरोबर नेऊ या. त्यांनाही कुणी कधी विचारलेलं नसतं.

सोनकी पुढच्या वर्षीही येईल. दहावीनंतर या मुलीला इजाजत मिळेलच, असं मात्र सांगता येत नाही.