सातबाऱ्यावर तिचे नाव कधी?

नाशिक जिल्ह्याची द्राक्षशेती बायकांच्या हातावर उभी आहे. दिंडोरी, निफाडच्या बागांत शेंडा खुडणे, विरळणी, डिपिंग, पुढे पॅकहाऊसमधली पेटी भरणे, ही कामे प्रामुख्याने त्याच करतात. घडात कोणते मणी ठेवायचे हे त्यांची बोटे ठरवतात आणि मालाचा दर्जा त्यावर ठरतो. बाजार समितीची पट्टी आणि पीककर्ज मात्र निघते सातबारावाल्याच्या नावाने, आणि तो बहुधा पुरुष असतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या.

बचत गटांनी खेड्यातल्या बाईला बँकेची पायरी चढायला शिकवले, हे फार मोठे काम आहे. पण पापड-मसाल्यापुढे जाऊन तिला रोपवाटिका किंवा बेदाण्याचे शेड उभारायचे असले, की मोठ्या कर्जासाठी तारण लागते. शेतात आयुष्य घातलेल्या बाईकडे तारण ठेवायला गुंठाभर जमीन नसते. तिला उद्योजक व्हायला सांगणाऱ्या मेळाव्यांत हा विषय क्वचितच निघतो.

जमिनीच्या मालकीचा हा विषय काढला होता याच जिल्ह्याच्या मातीने. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, हजारो शेतकरी बायका तिथे आल्या. त्या मंथनातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांचे लक्ष्मीमुक्ती अभियान उभे राहिले. बायकोच्या कष्टाचे ऋण म्हणून नवऱ्याने जमिनीचा तुकडा तिच्या नावे करायचा, शंभर घरांनी असे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त. कायद्याचा धाक नसताना अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी हे केले, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

कायदाही आला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरी माहेर तुटेल या भीतीने बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. ही सही मागणारा भाऊ गावात प्रतिष्ठितच राहतो, हे आपण थांबवले पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे वर्ष ठरवले आहे. जिल्हा प्रशासनाने त्याचे फलक लावण्याऐवजी गावोगावी फेरफाराची शिबिरे घ्यावीत, नवरा-बायकोचे नाव सातबाऱ्यावर एकत्र लावून द्यावे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी त्या बायकांना सभासद करून संचालक मंडळात घ्यावे. सुरुवात चांदवड तालुक्यापासून व्हावी.