सुवर्णपदकानंतरची कसोटी

१९२७ साली लंडनला भरलेले पहिले बुद्धिबळ ऑलिंपियाड हंगेरीने जिंकले. पुढे १९५२ ते १९९० या काळात सोव्हिएत संघ उतरला आणि अव्वल स्थानास मुकला, असे केवळ १९७८ साली घडले. त्या वर्चस्वामागे दोन-चार प्रतिभावंत नव्हे, तर मुलांना शासकीय खर्चाने मिळणारे पद्धतशीर शिक्षण होते. २००६, २००८ व २०१२ साली विजयी झालेल्या चिमुकल्या आर्मेनियाने २०११ पासून बुद्धिबळ शाळांतून सक्तीचे केले. २०२४ साली बुडापेस्टला भारताने खुल्या व महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक पटकावले. नाशिकचा विदित गुजराथी व नागपूरची दिव्या देशमुख या संघांत होती, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु पालकांच्या पदरमोडीवर आपण किती काळ विसंबणार? एखादा विजय गुणी खेळाडू मिळवून देतात. विजयांची परंपरा समाजालाच उभारावी लागते.