नवरात्रातले अनवाणी पाय आणि मधुमेह

घटस्थापनेला कोल्हापुरातल्या अनेक घरांतल्या चपला नऊ दिवसांसाठी कपाटात जातात. अंबाबाईच्या नावानं अनवाणी राहायचं. त्याच घरात पंधरा वर्षं शुगर असलेली आजी असते, आणि ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणणारा नातूही. सून मधल्यामध्ये. नऊ दिवस वाद चालतो श्रद्धेवर, आजीचे तळवे मात्र कुणीच बघत नाही. माझा राग दोन्ही बाजूंवर आहे.

‘आई बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनी एवढं समजून घ्या. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होत जातात. आधी मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. जळजळ थांबली म्हणून लोक खूश होतात! अशा पायाला काच, खिळा, दुपारचा तापलेला डांबरी रस्ता काहीच कळत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही, चिघळते, आणि बोट किंवा पाय कापायची वेळ येऊ शकते. दुखत नाही, म्हणूनच पेशंट उशिरा येतो.

आणि नातवाला सांगतो, तुझ्या टोमण्यांनी आजी चप्पल घालत नाही. ती फक्त जखम लपवायला शिकते.

नवस मोडू नका, वळवा. देवळात चप्पल काढावीच लागते; मधुमेहीला तेवढं अनवाणीपण पुरे, तेही जाड सुती मोजे घालून. रस्त्यावर, ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर जाताना, मऊ तळाचे बंद बूट हवेत. (आपली कोल्हापुरी नको. तिचा अंगठा बधिर पायाला घासतो, वाईट वाटलं तरी.) आजी ज्याचा शब्द मानते, त्यानं हे घट बसायच्या आधीच तिच्याशी बोलून ठरवावं. नातवानं नव्हे.

रोज रात्री चांगल्या उजेडात घरातल्या कुणीतरी तिचे तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघा. दमलेले पाय गरम पाण्यात बुडवू देऊ नका. बधिर पाय भाजला तरी कळत नाही. फोड, लाली, ओल दिसली तर हळद भरून दसऱ्याची वाट बघू नका. दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा.