विश्लेषण: मँचेस्टर सिटीचे मालक मुंबईतून का गेले? फुटबॉलच्या पैशांचं भांडण कोर्टात कसं पोहोचलं?

वडाळा रोड स्टेशनच्या पुढे हार्बर लाईनला फाटा फुटतो. एक गाडी कुर्ला-पनवेलला जाते, दुसरी माहीमवरून अंधेरी-गोरेगावला. मुंबई सिटी एफसीची मॅच बघायला निघालेल्या वडाळ्यातल्या पोरांसाठी ही दुसरी गाडी सोयीची. न बदलता थेट अंधेरी, आणि तिथून पुढे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातलं मुंबई फुटबॉल अरिना.

२०२५ च्या दिवाळीत मात्र या मैदानावर इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची, एकही मॅच नव्हती. कारण लीगच सुरू झाली नव्हती. त्यानंतर डिसेंबरच्या अखेरीस आणखी एक बातमी आली. मुंबई सिटीत सर्वात मोठा हिस्सा असलेला सिटी फुटबॉल ग्रुप क्लबमधून बाहेर पडला.

जगातल्या सर्वात श्रीमंत फुटबॉल समूहांपैकी एक मुंबई सोडून का गेला? हे समजून घ्यायचं तर लंडन आणि दिल्ली, अशा दोन ठिकाणच्या खटल्यांकडे बघावं लागतं.

सिटी फुटबॉल ग्रुप म्हणजे कोण?

मँचेस्टर सिटी ज्यांच्या मालकीचा आहे, तोच हा समूह. त्याची सूत्रं अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्याकडे आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये या समूहाने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. उरलेला हिस्सा अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे राहिला.

मैदानावर त्याचा फायदा दिसला. २०२०-२१ मध्ये मुंबईने लीग शिल्ड आणि आयएसएल चषक असं दोन्ही जिंकलं. २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लबही मुंबई सिटीच ठरला.

इंग्लंडमधला वाद कशावरून आहे?

युरोपात क्लबांनी कमाईच्या मानाने किती खर्च करावा, याचे नियम आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ हंगामापर्यंतच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत मिळून साधारण १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंतच तोटा दाखवता येत होता. त्यापुढे गेलं की कारवाई.

ही कारवाई नुसती कागदावर नसते. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले. अपिलात ते ६ झाले आणि पुढे दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टने २०२४ मध्ये ४ गुण गमावले.

मँचेस्टर सिटीचं प्रकरण याहून मोठं आहे. युरोपच्या संघटनेने, म्हणजे युएफाने, २०२० मध्ये सिटीवर दोन वर्षांची बंदी घातली होती. स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने ती उठवली आणि ३ कोटी युरोंचा दंड १ कोटीवर आणला. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने सिटीवर शंभराहून जास्त आरोप ठेवले. मालकाशी संबंधित कंपन्यांच्या जाहिराती दाखवून क्लबची कमाई फुगवली का, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. सिटीने सगळे आरोप नाकारले आहेत. सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ चालली आणि त्यानंतर निकालाची प्रतीक्षा वर्षाहून जास्त लांबली.

मधल्या काळात सिटीनेच लीगवर उलट केस केली. मालकाशी नातं असलेल्या कंपन्यांच्या करारांवर लीगने लावलेले नियम बेकायदा आहेत, असं सिटीचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये लवादाने त्या नियमांची जुनी आवृत्ती रद्दबातल ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये समझोता झाला आणि सिटीने सध्याचे नियम मान्य केले.

थोडक्यात, इंग्लंडमधलं भांडण खर्च किती करायचा यावर आहे. लीग कुणाची, सामने कोण भरवणार, टीव्हीचे पैसे कुणाला मिळणार, याबद्दल तिथे वाद नाही.

मग भारतात काय झालं?

खर्चाला लगाम आपल्याकडेही होता. आयएसएलमध्ये संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते. अनेक हंगाम ती १६.५ कोटी रुपये होती. पण आपल्याकडे कोर्टात गेलेलं भांडण वेगळं आहे.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे एआयएफएफने, व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी रिलायन्सशी जोडलेल्या कंपनीला दिले. सौदा ७०० कोटींचा. पुढे ही जबाबदारी फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड, म्हणजे एफएसडीएलकडे आली. याच कंपनीने २०१४ मध्ये आयएसएल सुरू केली. महासंघाला वर्षाला ५० कोटी मिळत आणि लीगचा कारभार कंपनी बघत असे. या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होती.

करार वेळेत वाढवायला अडचण काय होती? दिल्लीतला जुना खटला. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रफुल्ल पटेल यांची महासंघाच्या अध्यक्षपदावरची निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला काही दिवस निलंबितही केलं. पुढे नवी निवडणूक झाली, पण महासंघाची घटना कशी असावी हा प्रश्न न्यायालयातच राहिला. त्यावर निकाल येईपर्यंत नवा करार करू नका, असं न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये महासंघाला सांगितलं.

जुना करार संपत आलेला आणि नवा करता येत नव्हता. जुलै २०२५ मध्ये एफएसडीएलने नवा हंगाम थांबवून ठेवला. डिसेंबरनंतर हक्क आपल्याकडे असतील की नाही, हेच माहीत नसताना लीग सुरू कशी करायची, असा कंपनीचा मुद्दा होता.

टेंडर काढलं, तरी कुणी आलं नाही

१९ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या पीठाने काही बदलांसह महासंघाच्या घटनेला मान्यता दिली. देशातली सर्वोच्च लीग महासंघाचीच असेल आणि तिच्यात संघांची बढती-घसरण असेल, हे त्यातलं महत्त्वाचं तत्त्व.

त्याआधीच खुल्या टेंडरवर एकमत झालं होतं. करारातला पहिल्या वाटाघाटीचा हक्क सोडायला एफएसडीएलही तयार झाली होती. ऑक्टोबरमध्ये टेंडर निघालं. हक्क १५ वर्षांचे आणि वर्षाला किमान ३७.५ कोटी किंवा उत्पन्नाच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते महासंघाला द्यायचं. निव्वळ किमान रक्कम धरली तरी १५ वर्षांचे ५६२.५ कोटी होतात.

७ नोव्हेंबरला मुदत संपली. एकही बोली आली नाही.

यामागचं गणित अवघड नाही. जुन्या व्यवस्थेत कंपनी पैसे देत होती आणि लीगवर तिचाच ताबा होता. नव्या व्यवस्थेत हमीची रक्कम आजच द्यायची, पण लीग महासंघाची. शिवाय आज पैसे ओतलेला क्लब उद्या खालच्या लीगमध्ये घसरू शकतो. खेळाच्या दृष्टीने ही व्यवस्था न्याय्य आहे, जगभर तीच चालते. पण टीव्हीचं उत्पन्न तुटपुंजं असलेल्या बाजारात एवढी जोखीम घ्यायला गुंतवणूकदार तयार झाला नाही.

नुकसान कुणाचं झालं?

सर्वात आधी पगारावर जगणाऱ्यांचं. ऑगस्ट २०२५ मध्येच बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू आणि स्टाफ यांचे पगार बेमुदत थांबवले. मोठ्या मालकाचा क्लब हे करत असेल, तर लहान क्लबांचं काय, हे वेगळं सांगायला नको.

सिटी फुटबॉल ग्रुपनेही बाहेर पडताना हीच दोन कारणं दिली: व्यावसायिक आढावा आणि लीगच्या भवितव्याबद्दलची अनिश्चितता. त्यांचे शेअर्स मूळ संस्थापकांकडे परत गेले. इंग्लंडमध्ये नियम जाचक वाटले तेव्हा हा समूह तिथेच राहून वर्षानुवर्षं कोर्टात लढला. मुंबईत लढायला नियमच जागेवर नव्हते, म्हणून तो निघून गेला. या सगळ्या प्रकरणाचं सार इतकंच आहे.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून घसरला आणि विरला. दोन्ही वेळा चाहत्यांना दुसरा क्लब शोधावा लागला. मुंबई सिटी अजून उभा आहे, पण आता परदेशी समूहाच्या पैशाशिवाय.

पुढे काय बघायचं?

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी तोडगा जाहीर केला. १४ फेब्रुवारीपासून लीग, सर्व १४ क्लब सहभागी, एकूण ९१ सामने. म्हणजे प्रत्येक संघाची दुसऱ्याशी एकदाच गाठ. नेहमीच्या लीगमध्ये घरचा एक आणि बाहेरचा एक असे दोन सामने होतात, त्या मानाने हा निम्माच हंगाम. घरचे सामने कमी म्हणजे तिकीटविक्री कमी आणि प्रायोजकाला दाखवायलाही कमी.

हंगाम वाचला, पण मूळ प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायला हवं. एक, दीर्घ मुदतीचा व्यावसायिक भागीदार मिळतो का. दोन, उत्पन्नात आणि निर्णयात क्लबांचा वाटा किती ठरतो. एफएसडीएलने आधी मांडलेल्या प्रस्तावात क्लबांना ६० टक्के, स्वतःला २६ आणि महासंघाला १४ टक्के हिस्सा होता. म्हणजे वाटणीवर बोलणी होऊ शकतात, फक्त ती वेळेत व्हायला हवीत. तीन, घसरण सुरू झाली तर खाली जाणाऱ्या क्लबच्या खेळाडूंच्या पगाराची हमी कोण घेणार.

क्लबने किती खर्च करावा, हा वाद चांगल्या लीगचं लक्षण असतो. पण त्याआधी गल्ल्याची किल्ली कुणाकडे, हे ठरावं लागतं. ते ठरेपर्यंत, वडाळ्याहून अंधेरीची लोकल पकडणाऱ्या चाहत्याला पुढच्या वर्षी मॅच असेल की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.